मेबेलचा धूर

वेल्डन क्राउसकॉफला दोन गोष्टींची पक्की खात्री होती. एक, ब्रिस्केट, म्हणजे गाईच्या छातीचं मांस, धुरावर शिजवण्यात अख्ख्या टेक्सासमध्ये आपला हात धरणारा कोणी नाही. आणि दोन, आपल्याइतका समजूतदार शेजारी अजून जन्माला यायचाय. पहिल्या गोष्टीवर गावात वाद होता. दुसरीबद्दल त्याने कोणाला विचारलंच नव्हतं.

त्याच्या परसात मेबेल असायची. मेबेल म्हणजे भट्टी. गॅसची जुनी टाकी आडवी कापून त्याने आणि त्याच्या वडिलांनी मिळून ती जोडली होती. एका टोकाला जाळ घालायची पेटी, दुसऱ्या टोकाला धुराडं, खाली गाडीची चाकं. वडील गेले, मेबेल राहिली. पावसात तिच्यावर ताडपत्री पडायची, गंज चढू नये म्हणून तिला तेल चोळलं जायचं. बायकोचा, लव्हॉनचा, वाढदिवस वेल्डन अधूनमधून विसरे. मेबेलमध्ये पहिला जाळ घातला तो दिवस मात्र त्याने कधी चुकवला नाही.

दर शनिवारी पहाटे ओकची लाकडं पेटायची आणि संध्याकाळपर्यंत धूर चालायचा. पहिली तक्रार पूर्वेच्या मिसेस टीगची आली. विधवा बाई, दम्याची. वेल्डन लगेच ताट घेऊन गेला. ब्रिस्केटचे काप, लोणच्याची काकडी, कांदा, पांढरा पाव, सगळं कसं रीतसर. दारात टोपी काढून अदबीने म्हणाला, "मॅडम, माझ्या धुराचा तुम्हाला त्रास होतो म्हणे. मला लाज वाटते हो." परत येऊन त्याने मेबेल ढकलली आणि धुराड्याचं तोंड पश्चिमेला केलं.

पश्चिमेला हर्नान व्हियारेआल राहायचा. त्याच्या तान्ह्या मुलीचे डोळे चुरचुरायला लागले. पुन्हा ताट, पुन्हा टोपी हातात, पुन्हा मेबेल फिरली. आता धूर मागच्या घरात शिरला. तिथे मार्गो नावाची बाई नवीनच आली होती आणि ती मांस खात नव्हती. वेल्डनला हे ऐकून फार वाईट वाटलं, एखाद्याला असाध्य रोग झाल्याचं कळल्यावर वाटावं तसं. तिच्यासाठी त्याने खास मांसाशिवायचं ताट केलं: लव्हॉनने केलेलं बटाट्याचं सॅलड आणि राजमा. राजम्यात डुकराचे तुकडे होते, पण ते मांसात धरायचे नसतात अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. मार्गोने सॅलड खाल्लं, राजमा कुत्र्याला घातला आणि आभार मानले. वेल्डनने तिच्याही बाजूकडून मेबेल हलवली.

मग एकच बाजू उरली. त्याने मेबेल स्वतःच्याच स्वयंपाकघराच्या खिडकीखाली नेऊन लावली. तिन्ही शेजारी खूश झाले. आपल्या मनाच्या मोठेपणाने वेल्डनचा ऊर भरून आला.

लव्हॉन उन्हाच्या काहिलीतही खिडकी लावून स्वयंपाक करायला लागली. ती चर्चमध्ये गाणाऱ्यांत उभी राहायची. एका रविवारी प्रार्थना चालू असताना बाजूला उभी असलेली बाई तिच्या कानाशी लागून म्हणाली, "लव्हॉन, आज जेवायला काय गं?" घरी आल्यावर लव्हॉन म्हणाली, "वेल्डन, माझ्या उशीलासुद्धा वास येतो."

"कसला?"

"मेबेलचा."

"मग चांगली झोप लागत असेल," वेल्डन म्हणाला आणि चाकूला धार लावायला बसला.

पुढच्या महिन्यात वसाहतीच्या कमिटीचा अध्यक्ष रॉयस डनअवे तोंड पाडून दारात आला. "वेल्डन, धुराची तक्रार आलीय. नियम तुला ठाऊक आहे. लागून असलेल्या एका जरी घराने नाही म्हटलं तर भट्टी वसाहतीबाहेर जाणार."

वेल्डनने वळून परसाकडे पाहिलं. मेबेल बाहेर? "कोणाची तक्रार?"

"नाव सभेत कळेल. त्याआधी सांगायचं नाही, असं ठरलंय."

मग वेल्डनची शोधमोहीम सुरू झाली. काखेत कळसा आणि गावाला वळसा. त्याने तिन्ही घरी पुन्हा ताटं नेली आणि प्रत्येकाचा चेहरा निरखला. मिसेस टीगने दुसऱ्यांदा वाढून घेतलं, म्हणजे मनात अपराधी भाव असणार. हर्नान हसला, म्हणजे काहीतरी लपवतोय. मार्गो हसली नाही, म्हणजे तीच!

"कोण असेल गं?" त्याने लव्हॉनला विचारलं. ती त्याच ताटांसाठी बटाटे सोलत होती.

"ज्याला त्रास होतो, तोच."

"अगं, तेच तर शोधतोय ना मी!"

लव्हॉनने पुढचा बटाटा घेतला.

सभा चर्चच्या मागच्या दालनात भरली. लव्हॉन शेजारी बसली याचं वेल्डनला बरं वाटलं. अडचणीच्या वेळी माणसाला घरचं कोणीतरी जवळ लागतंच. रॉयसने घसा साफ केला. "तक्रारदाराला काही बोलायचंय का?"

वेल्डनने मान वळवून मार्गोवर डोळे रोखले. त्याच्या शेजारची खुर्ची करकरली.

"मी लव्हॉन," लव्हॉन उभी राहून म्हणाली, जणू कोणी तिला ओळखतच नव्हतं. "भट्टीच्या सगळ्यात जवळ मी राहते."

वेल्डनने तिची बाही ओढली. "अगं, तू काय शेजारीण आहेस?"

"तीच तर असायला हवी होते," ती म्हणाली. "मिसेस टीग खोकल्या, याने भट्टी फिरवली. बाळ रडलं, फिरवली. मार्गोने नाक मुरडलं, तरी फिरवली. मी घरात बोलले तर ती कटकट. म्हटलं, कमिटीकडे जाऊ, म्हणजे निदान तक्रार तरी होईल. तर तक्रार झाल्यावर काय झालं? पुन्हा तीन घरी ताटं गेली! सॅलड माझंच. माझ्या दारात कोणी टोपी काढून आलं नाही, रॉयस."

स्वतःची बायको लागून असलेल्या घरात धरायची की नाही, यावर कमिटीने बराच खल केला. शेवटी मिसेस टीगनेच काठी आपटली. "धरा की! तिच्याइतकं लागून कोण आहे?" लव्हॉनने हो म्हटलं तरच मेबेल राहणार, असं ठरलं.

घरी परतताना वेल्डन दोन पावलं पुढेच चालत राहिला. त्याला राग आला होता, आणि रागाच्या खाली लाजही वाटत होती. ती मात्र त्याने कोणाला दाखवली नाही.

शनिवारी त्याने ब्रिस्केट काढलं. पहिला काप भट्टीजवळ उभ्या असलेल्या पाहुण्याला द्यायचा, ही त्याच्या वडिलांपासूनची रीत. इतक्या वर्षांत तो लव्हॉनला एकदाही मिळाला नव्हता, कारण ती नेहमी आत सॅलड करत असायची. त्याने तो ताटात ठेवला, लोणचं, कांदा, पाव मांडला, घराला वळसा घालून पुढच्या दारी गेला आणि आपल्याच घराची घंटा वाजवली.

"कोण?"

"शेजारी."

लव्हॉनने दार उघडलं. वेल्डनने टोपी काढली. "मॅडम, माझ्या धुराचा त्रास होतो म्हणे."

"होतो," ती म्हणाली आणि ताट घेतलं. "लग्न झाल्यापासून."

"मला... लाज वाटते," तो म्हणाला. या वेळी ते म्हणायला जड गेलं. "मग कुठे हलवू? तू सांगशील तिथे. शपथ."

लव्हॉनने विचार केला. "घराच्या त्या अंगाला ने. तुझ्या टीव्हीच्या खोलीच्या खिडकीशी."

"तिथे?" वेल्डन दचकला. "अगं, माझी आरामखुर्ची आहे तिथे! सगळा धूर आत येईल, खुर्चीला वास बसेल की!"

लव्हॉनने पहिला काप तोंडात टाकला आणि सावकाश चावत, तो आणखी काही म्हणतोय का, याची वाट पाहत दारात उभी राहिली.