सत्तेचाळीस नंबरचा बिल्ला

ज्यांना सगळे नुसतं 'पंपवाले' म्हणत ते निवृत्त गृहस्थ त्या सकाळी जरा हवेतच होते. नौदलाचा कारखाना बंद पडून बावीस वर्षं झाली, त्याचं संग्रहालय झालं, जिथे युद्धनौका दुरुस्तीला यायच्या तिथे लोक तिकीट काढून फोटो काढू लागले. आणि आज त्या कोरड्या गोदीत पुन्हा पाणी सोडायचं होतं, हौशी होड्यांसाठी का होईना. पाणी सोडायचं चाक फिरवायचा मान पंपवाल्यांचा. कडक इस्त्रीचा शर्ट, छातीला फूल. बायको असती तर पोट धरून हसली असती.

चाक पंपघरात आणि समोरच्या भिंतीवर बिल्ल्यांचा फळा. कारखान्याचा नियम साधा होता. गोदीत उतरताना आपला पितळी बिल्ला फळ्यावर लावायचा, वर आलं की काढून खिशात टाकायचा. फळा मोकळा दिसल्याशिवाय चाकाला हात नाही. तीस वर्षं साहेबलोकांची बोलणी खाऊन पंपवाल्यांनी हे पाळलं. संग्रहालयवाल्यांनी मात्र शोभा म्हणून सगळे बिल्ले घासूनपुसून फळ्यावर टांगले. पंपवाल्यांचा तिळपापड झाला. त्यांनी आपला सत्तेचाळीस नंबरचा दिलाच नाही. त्या खिळ्यापाशी तेवढं भोक पडल्यासारखं दिसायचं. "डुप्लिकेट करून लावतो बघा," असं व्यवस्थापक येताजाता म्हणायचे.

तो बिल्ला आज त्यांनी लेकीला दिला होता. लेक इलेक्ट्रिशियन, गोदीतले आणि पाणी आत आणणाऱ्या बोगद्यातले पाण्याखालचे दिवे तिनेच बसवले.

"आता उतरताना लिस्टवर सही असते हो बाबा," म्हणत तिने तो पिशवीत टाकला. तिचं ते टाकणं त्यांना लागलं होतं.

साडेदहाला व्यवस्थापक लिस्ट घेऊन आले. "सगळे वर आलेत. पाहुणे बसलेत. करा सुरू."

बाहेर बँड वाजला, कॅमेरावाल्याने "इकडे बघा काका" म्हटलं आणि पंपवाल्यांनी चाकाला हात घातला. अर्धा फेरा झाला. जमिनीखालच्या बोगद्यात पाणी गुरगुरलं. पकड बदलायला त्यांनी मान वर केली, आणि फळ्यावरचं भोक दिसेना.

सत्तेचाळीसवर बिल्ला होता.

"थांबलात का?" व्यवस्थापक दबक्या आवाजात म्हणाले.

डुप्लिकेट असेल. या माणसाने केलंच असेल. भर कार्यक्रमात उगीच तमाशा केला तर म्हातारा चळला म्हणतील. तरी पाय फळ्याकडे निघाले. त्यांनी बिल्ला उलटा केला. मागे तिरकी खाच होती, नोकरीच्या पहिल्या वर्षी त्यांनीच कानशीने पाडलेली.

मागे चाक करकरलं. व्यवस्थापकांनी स्वतःच फिरवायला घेतलं होतं.

"हात काढ!" पंपवाले असे ओरडले की बँडही बंद पडला. त्यांनी व्यवस्थापकांना खांद्याने बाजूला सारलं आणि सगळं अंग टाकून चाक उलटं फिरवलं. एक फेरा. दीड. फूल कुठे पडलं कुणास ठाऊक. "माझी पोर खाली आहे!"

चाक घट्ट बसलं. गुरगुर थांबली. पंपवाले बाहेर गोदीच्या कठड्याशी धावले. खाली बोगद्याचं तोंड काळंकुट्ट. त्यांनी हाका मारल्या. जगातले सगळे देव त्यांना एकदम आठवले.

मग बोगद्यातून आधी टॉर्चचा उजेड आला आणि मागून लेक. गुडघ्यापर्यंत भिजलेली, हातात टेस्टर.

ती वर आली ती सरळ फळ्यापाशी गेली आणि तिने बिल्ला काढला. "टेस्टर बोगद्यात राहिला होता. तुम्ही बाहेर होतात, लिस्टवर सही घेणारा सापडेना, म्हणून हा लावून गेले."

"पाणी आलं तेव्हा घाबरली नाहीस?" व्यवस्थापकांनी विचारलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"चाकावर बाबा होते ना. म्हटलं, थांबेल."

पंपवाल्यांना ते ऐकवेना. गप्प बसले असते तर कुणाला कळलंही नसतं.

"मी बघितलंच नव्हतं गं," ते म्हणाले. "फोटोच्या नादात होतो. अर्धा फेरा दिल्यावर बघितलं."

लेक त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने बिल्ला त्यांच्या तळव्यावर ठेवला. पंपवाल्यांनी तिचा हात तसाच धरून ठेवला, बराच वेळ. बिल्ला दोघांच्या तळव्यांमध्ये रुतत होता.

पाहुणे ताटकळले होते. पंपवाले फळ्यापाशी गेले आणि एकेक शोभेचा बिल्ला काढून टेबलावर ठेवू लागले. व्यवस्थापकांनी मुकाट्याने दुसऱ्या टोकाकडून सुरुवात केली. पाणी सुटलं ते फळा पूर्ण मोकळा झाल्यावर, आणि तेव्हा चाकावर लेकीचे हात होते. पंपवाले फळ्याकडे तोंड करून उभे होते.