बीकाजानच्या कपाशीचा फुलोरा

त्या उन्हाळ्यात उझबेकिस्तानातल्या ख्वारेझमच्या आमच्या पाटाला पाणी तोकडं आलं. जिल्ह्यावरून फर्मान निघालं, की फुलोऱ्यात आलेल्या कपाशीलाच पाणी द्यायचं. फुलोरा कुणाचा आला हे ठरवणार उपग्रह. तो वरून रानाचा हिरवेपणा मोजायचा आणि पीक कुठवर आलंय ते नकाशावर उमटायचं.

बीकाजान विधवा, रान एकटीच कसायची. पाटकरी मतयाकूब तिचा थोरला दीर. भाऊ गेल्याच्या चाळिसाव्या दिवशीच त्याने ते रान मागितलं होतं, तिने दिलं नव्हतं.

तिच्या रानात मधेमधे खार फुटलेला. त्या पांढऱ्या चट्ट्यांनी हिरवेपणाची सरासरी खाली ओढली, आणि नकाशावर तिची कपाशी पात्यांवरच, न उमललेल्या कळ्यांवरच, अडकली. झाडं तर फुलांनी लगडली होती. ती रुमालात फुलं घेऊन पाटावर गेली. मतयाकूबने त्यातलं एक उचलून हुंगलं.

"फुलं काय, कुणाच्याही रानातून तोडता येतात, केलिन," घरच्या सुनेशी बोलावं तशा गोडीत तो म्हणाला.

"अका," तिने थोरल्या भावाला मारावी तशी हाक मारली, "रान इथनं दिसतंय. नुसती मान वळवा."

"माझ्या मानेला कोण विचारतं? वरनं पाती दिसतात, म्हणजे पातीच."

नकाशे बघणाऱ्या दिलमुरोदला तिने गाठलं. खारामुळे असं होतं, रान पाहून दुरुस्त करता येतं, हे त्याने कबूल केलं. ठरल्या दिवशी तो आलाही, पण मतयाकूबच्या अंगणात पलाव खायला बसला, आणि ऊन फार आहे म्हणत तिथूनच परत गेला.

पाणी तिच्या बांधाला घासून दिराच्या रानात जात होतं. एका पहाटे तिने फावड्याने बांध फोडला. मतयाकूबने गाव गोळा केलं आणि तिच्याच हातांनी चिखल भरून तो बुजवायला लावला. आम्ही बघत उभे होतो. आमचीही पाण्याची पाळी त्याच्याच हातून यायची होती.

फुलं गळाली, पानं करपली. हिरवेपणा उतरला तसं नकाशाने मानलं, की बोंडं फुटली. सगळ्यांच्या आधी वेचणीच्या बायका तिच्याकडेच धाडल्या. पोटाला झोळ्या बांधून त्या रानात शिरल्या, वाळक्या काड्या पाहून हसत सुटल्या. चांगलं पिकलेलं पीक बाईने चोरून विकलं, असा शेरा जिल्ह्याने मारला आणि रान काढून मतयाकूबला दिलं.

त्या वर्षी बीकाजानने दिराच्या रानात कापूस वेचला. हिवाळा सरताना त्याने खार धुवायला तिच्या जुन्या रानात पाणी सोडलं. बांधावरून ओसंडेपर्यंत.