गच्चीवरचा द्राक्षमळा

विक्रोळीतल्या त्या टॉवरच्या गच्चीवर, बाविसाव्या मजल्याच्याही वर, विमलाताईंनी द्राक्षांचा मांडव घातला होता. नाशिकच्या भाचीकडून आणलेल्या काड्या. पहिल्या वर्षी वाऱ्याने सगळे कोवळे शेंडे मोडून टाकले. ताईंनी भोवती जाळी बांधून पुन्हा लावल्या. रासायनिक औषधाचा थेंबही त्यांना चालत नसे. वेलीवर पिठ्या ढेकूण दिसला की साबणाच्या पाण्यात कापूस बुडवून घड न् घड पुसत बसायच्या. खताला पार्वती कोळणीकडून मासळीची डोकी आणून गुळात मुरवायच्या.

"ताई, ही गच्ची आहे की मासळी बाजार?" सेक्रेटरी चंद्रप्रकाश कुरकुरायचे.

पण फेब्रुवारीत घड लगडले आणि त्यांच्याच मुलीने, दीप्तीने हट्ट धरला, "बाबा, माझा साखरपुडा मांडवाखालीच!"

झालं. साखरपुड्याच्या सकाळी विमलाताईंनी खताचा ड्रम टाकीमागे सरकवला, झाकण घट्ट आवळलं. ऊन चढलं, ड्रम फुगला. वर्सोव्याहून मुलाकडची मंडळी येऊन बसली, दीप्तीने अंगठीसाठी हात पुढे केला, आणि धाडकन झाकण उडालं.

वास असा सुटला की भटजींनी उपरणं नाकाला लावलं.

"लागली वाट!" चंद्रप्रकाशनी कपाळाला हात लावला.

विमलाताईंचे डोळे भरून आले. "पोरीच्या शुभकार्यात मी हे काय करून बसले! उद्याच उपटते सगळं."

तेवढ्यात मुलाचे आजोबा, धर्मा कोळी, काठी टेकत उठले. आयुष्य होडीवर काढलेला माणूस. ड्रममध्ये डोकावले आणि नवऱ्या मुलाकडे वळून खदाखदा हसले.

"अगं बाई, मांदेली! विपुल, पोरीला आपल्या घराची सवय हितंच लागली बघ!"

दीप्ती हसली, मग तिची होणारी सासू, मग सगळी गच्ची. ड्रम खाली गेला, अंगठ्या झाल्या, आणि मांडवातले घड तोडून पाहुण्यांना वाटले. जरा आंबटच होते. तरी आजोबांनी दुसरा घड मागून घेतला.

एप्रिलमध्ये छाटणीला चंद्रप्रकाश स्वतः कात्री घेऊन शिडीवर चढले.

"अहो, ती नको! ती जाडी काडी ठेवा!" खालून विमलाताई ओरडल्या.

"मग आधी सांगायचं ना, ताई!" ते म्हणाले, आणि हातातली कापलेली जाडी काडी त्यांनी हळूच खिशात लपवली.