बारशाच्या घुगऱ्या

"बोल, कुनी चारला घास?" भिमाजी देवऋषीचा आसूड मनकर्णेच्या पाठीवर कडाडला, आणि सोनईजवळच्या त्या वस्तीवरचं झाडून सगळं माणूस पुढं सरकलं.

तिचे हात नवऱ्यानं, कारभारीनंच, धरून ठेवले होते. सहा महिने तिच्या गळ्याखाली घास धड उतरत नव्हता. पाणीसुद्धा उलटून येई. भिमाजीनं तिला ओणवं केलं, केस धरून डोकं खाली दाबलं आणि पाठीत लाथ घातली. भसकन हरभरे बाहेर पडले. अख्खेच्या अख्खे!

"चार दिसांमागच्या घुगऱ्या! पोटातल्या सैतानानं राखल्यात. बारसं कुनाच्या घरी हुतं?"

सैतान मोठा चोखंदळ, नेमके बारशाचेच हरभरे राखतो! पण हे विचारायला डोकं कुणाचं ठिकाणावर होतं? बारसं शेजारच्या रंगुबाईच्या नातवाचं होतं. त्या म्हाताऱ्या विधवेला झिंज्या धरून ओढत आणलं. पहिली काठी कारभारीनंच घातली. डोकं फुटलं, रक्त डोळ्यांत उतरलं, तरी म्हातारी ओरडली, "मला मागनं मारा रं! पोरगी निळी पडलीया, तिला आदी नगरला न्या!"

मनकर्णा खरंच घुसमटली होती. कारभारीनं काठी टाकली आणि उसाचा ट्रक अडवला.

नगरच्या डॉक्टरीणबाईंनी पाठीवरचे वळ पाहून दातओठ खाल्ले. मग कारभारीला विचारलं, "ओकारीला आंबट वास होता?"

"न्हाई बाई. घुगऱ्या जशाच्या तशा हुत्या."

"मग त्या पोटात गेल्याच नव्हत्या."

खडूसारखं पांढरं औषध पाजून एक्स-रे काढला. अन्ननलिका पखालीसारखी फुगलेली, खालचं टोक चिमटलेलं. "घास आला की हे तोंड उघडायला हवं. हिचं उघडत नाही, म्हणून अन्न वर साचतं. डोकं खाली दाबलं की ओघळून बाहेर येतं. एवढीच त्या देवऋषीची करामत. तेच श्वासनळीत गेलं आणि ही मरता मरता वाचली."

ऑपरेशन करून त्या टोकाचा आवळलेला स्नायू चिरला. आठव्या दिवशी मनकर्णेनं पेज गिळली आणि ती खाली उतरली. कारभारी ढसाढसा रडला.

तो वस्तीवर परतला तेव्हा भिमाजीच्या मुठीत दुसऱ्याच पोरीचे केस होते. कारभारीनं आसूड हिसकावला, त्याचा दांडा गुडघ्यावर मोडला आणि एक्स-रे उन्हात धरला. "बगा! सैतान न्हाई, नळीचं तोंड मिटलंय. घास अडला तर डाक्टरला दावा. मी बायकूला मार खायला लावला, तसं तुमी करू नका!"

भिमाजी गर्दीतून सटकला. ओट्यावर डोक्याला फडकं बांधलेली रंगुबाई बसली होती. कारभारीनं तिचे पाय धरले.

"मनकर्णा जेवती का?" तिनं विचारलं.

"व्हय, मावशे."

"बरं झालं. पर काठी उचलायच्या आदी येकदा इचारायचं हुतंस, लेकरा. तुज्या घरी घुगऱ्या पाठवल्या, त्याच मी बी खाल्ल्या हुत्या."