फुंकणी दवाखान्यात

"आगं पोरी, समदी मेथी तुडवलीस की!" आत्याबाई ओरडल्या, तशी नंदा कणकेच्या हातानंच मागच्या दारी धावली.

लखनऊ छावणीतल्या क्वार्टरमागच्या चिमूटभर जागेत सासूबाईंनी, म्हणजे आत्याबाईंनीच, साताऱ्याहून आणलेलं बी टाकून मेथी पिकवली होती. त्या वाफ्यात नंदाची सात वर्षांची लेक अवनी उभी. झारी तिरकी, पाणी चपलेवर, नजर कुठं तरी लांब. पापण्या तेवढ्या फडफडत होत्या. नंदा मनात मोजत राहिली. दहा, अकरा, बारा. तेराव्याला पोर जागी झाली नि बोलणं तुटलं होतं तिथनं पुढं बोलू लागली, "दादी, पानी खत्म."

"आजची सातवी," म्हणत नंदा वही आणायला पळाली.

बी.एस्सी. झालेल्या बाईची वही ती. तारीख, वेळ, सेकंद, सगळं त्यात. शाळेतल्या बाई म्हणत, पोरगी तंद्रीत असते. पहिल्या डॉक्टरांनी नुसतं ऐकून फिटचं औषध लिहिलं, तर दिवसाला तीन होत्या त्या सात झाल्या!

महानगर मोहल्ल्यातल्या डॉक्टर हिमानींनी मात्र वही पानन् पान वाचली. "फिट एक तरह की नहीं होती," त्या म्हणाल्या. "किसी में बच्चा गिरता है, किसी में बस ठहर जाता है. एक की दवा दूसरी को बढ़ा भी देती है. कौन सी है, पक्का करके ही दवा बदलेंगे."

त्यासाठी डोक्याला तारा लावून तीन मिनिटं जोरात फुंकायचं होतं. फुंकता फुंकता फिट आली, तर मशीन ती कागदावर टिपणार होतं. पण मागच्या खेपेला अवनी लाजली, दोनदा फू केलं नि आईच्या पदरात शिरली. कागद कोराच्या कोरा. आज दुसरी खेप.

निघताना आत्याबाईंनी पिशवीत लोखंडी फुंकणी कोंबली.

"आत्याबाई, ही कशाला?"

"मागल्या दारी चूल पेटवती न्हवं मी? ही पोरगी फुंकाय बसली की थिजती. चारदा बघितलंय."

"मग सांगायचं नाही का!"

"तू वहीत लिवतीस. मला कोण इचारतंय?"

नंदाला राग यावा की हसू, कळेना. दवाखान्याच्या दारात गार्डनं फुंकणी उलटीपालटी करून पाहिली. "अम्मा, ये किसलिए?"

"डोस्क्याच्या फोटूसाठी!" आत्याबाई ठसक्यात म्हणाल्या. गार्डला काय समजलं देव जाणे, पण त्यानं सोडलं.

आत डोकंभर तारा चिकटवलेली अवनी पाहून आत्याबाई म्हणाल्या, "मक्याच्या कणसागत दिसतीस गं!" पोर खुदकन हसली. मग आत्याबाईंनी फुंकणीचं एक टोक तिच्या तोंडाशी दिलं, दुसऱ्यापुढं ओंजळ धरली. "ही चूल. इझाय लागलीया. फुक, न्हाईतर भाकरी कच्ची!"

अवनी फुंकू लागली. एक मिनिट. दोन. लेकराला फिट यावी म्हणून देवाला हात जोडणारी आई नंदानं कधी ऐकली नव्हती, आणि आज ती स्वतःच जोडून बसली होती.

फुंकणी ओठांशीच थांबली. पापण्या फडफडल्या. पडद्यावरच्या आडव्या रेघा एकदम ज्वारीच्या ताटांसारख्या ओळीनं उभ्या राहिल्या.

"आली! आली!" नंदा टाळ्या पिटत ओरडली. आत्याबाईंनी मशीन चालवणाऱ्या पोऱ्याच्या पाठीत कौतुकाचा धपका घातला.

"ठहरने वाली ही है, एकदम साफ़," डॉक्टरही हसल्या.

अवनी भानावर आली. "दादी, भाकरी जल गई क्या?"

डॉक्टरांनी जुनं औषध पायरीपायरीनं उतरवायला नि नवं तसंच चढवायला सांगितलं. मनानं काही बंद करायचं नाही, हे दोनदा बजावलं. नंदानं बाहेर येऊन नवऱ्याला युनिटमध्ये फोन लावला.

"अहो, आली! मशीनवर आली!"

"कोण आली?" शिवाजी दचकला.

"फिट!"

"आगं, मग हसतीस काय?"

दोन महिन्यांनी एका सकाळी अवनी चुलीपुढं बसली. नंदा दारात वही उघडून उभी. पोर फुंकतेय, फुंकतेय. राख उडून आत्याबाईंच्या भाकरीवर, नाकावर, मेथीवर.

"बास गं बया! थांब की आता!" आत्याबाई खोकत ओरडल्या.

"नहीं रुकूँगी!"

वहीचं पान कोरंच होतं. त्यावर राख येऊन पडली. नंदानं ती झटकली नाही.