सोबत कोणी नव्हतं

शनिवारची संध्याकाळ एकट्या माणसाच्या अंगावर येते. इतर दिवशी निदान ऑफिस असतं, फायली असतात, कोणीतरी साहेबावर चिडलेलं असतं. सुट्टीच्या दिवशी मात्र दुपारचे चार वाजले की घर खायला उठतं.

बुलढाण्याच्या एका सरकारी कार्यालयात वरिष्ठ लिपिक असलेल्या मंजुश्रीताईंना हे नवरा गेल्यावर कळलं. चंद्रशेखररावांना जाऊन दोन वर्षं झाली होती. मुलगा पुण्याला. त्याचा फोन यायचा, पण तो ‘जेवलीस का?’ आणि ‘गोळ्या घेतल्यास का?’ यापलीकडे जात नसे. कॉलनीतल्या बायका पूर्वी फिरायला जाताना हाक मारायच्या. आता त्या सगळ्या नवऱ्यांसोबत निघायच्या आणि ताईंच्या फाटकापाशी आल्या की आवाज खाली करायच्या. कोणी वाईट वागत नव्हतं. कोणी बोलावतही नव्हतं, इतकंच.

त्या शनिवारी ताईंनी मनाचा हिय्या केला. गावातल्या जुन्या थिएटरचा मालक हरिओम दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी वेगळे सिनेमे दाखवायचा. नव्या, लहान दिग्दर्शकांनी पदरमोड करून काढलेले, मोठ्या थिएटरांनी नाकारलेले. ताईंनी पेपरात जाहिरात वाचली होती. पन्नास वर्षांच्या आयुष्यात त्या एकट्यानं सिनेमाला कधी गेल्या नव्हत्या. डोक्याला आणि तोंडाला स्कार्फ गुंडाळून त्या खिडकीपाशी उभ्या राहिल्या.

“एकच तिकीट?” हरिओमनं सहज विचारलं.

त्या साध्या प्रश्नानं ताईंना वाटलं, परत फिरावं की काय! पण हात खिडकीच्या आत गेला होता.

सिनेमा एका म्हातारीचा होता. ती रोज एस.टी. स्टँडवर येऊन बसते आणि कुठल्याच गाडीत चढत नाही. लोकांच्या गप्पा ऐकते आणि अंधार पडायच्या आत घरी जाते. ना गाणं, ना मारामारी. वीस-पंचवीस प्रेक्षकांपैकी दोघं कंटाळून उठून गेले. ताई मात्र स्कार्फच्या आत हमसून हमसून रडल्या.

दिवे लागले. ताई घाईनं उठल्या आणि मागून आवाज आला, “मंजुश्रीताई, तुमी?”

छाया! त्यांच्याच ऑफिसातली, आस्थापना शाखेतली. चाळिशीची, लग्न न केलेली, पिंपळगाव राजा या गावची. कामात चोख, पण ऑफिसातल्या कोणाशी कामापलीकडे न बोलणारी. गेल्या पाच वर्षांत ताईंशीही ती दहा वाक्यांच्या वर बोलली नसेल.

“घरी कोनी वाट पाहून राह्यलं का?” छायानं विचारलं.

“नाही गं. कोण पाहणार?”

“मंग चाला माह्या घरी. मी पिझ्झा घेऊन राह्यली. एकटीले अख्खा संपत नाई.”

नाही म्हणायला ताईंपाशी कारण नव्हतं. खरं तर एक कारण होतं, पण ते सांगण्याजोगं नव्हतं.

छायाचं घर दोन खोल्यांचं, पुस्तकांनी भरलेलं. तिनं पिझ्झाचा खोका उघडला, ताटल्या मांडल्या आणि कपाटातून नाशिकची वाईनची बाटली काढली. “मी महिन्यातून एकदा घेते, एक गिलास. तुमाले नको असन तर सरबत करते.”

ताई म्हणाल्या, “दे थोडी.” चव तुरट होती, आवळ्यासारखी. त्यांना काही ती फार आवडली नाही. पण समोर कोणीतरी बसून जेवत होतं, सिनेमातल्या म्हातारीबद्दल बोलत होतं, मध्येच हसत होतं! किती दिवसांनी!

आणि तो आनंदच ताईंना सोसेना. त्यांनी हातातला घास खाली ठेवला.

“छाया, मला तुला काही सांगायचं आहे. पाच वर्षांपूर्वी ऑफिसात तुझ्याबद्दल बोललं गेलं होतं...”

“हाव. मी हाटेलात एका मानसासोबत दारू पीत होती म्हने.”

“ते मी बोलले होते.” ताई म्हणाल्या. “मी आणि आमचे हे जेवायला आलो होतो. तू कोपऱ्यातल्या टेबलावर होतीस, समोर वाईनचा ग्लास. तू एकटीच होतीस गं! पण नुसतं ‘एकटी बसली होती’ म्हटलं तर कोण ऐकणार? म्हणून मी एक माणूस घातला. सांगण्याला चव यावी म्हणून.”

छायानं आपली ताटली बाजूला सारली.

“मले माहीत हाये,” ती म्हणाली. “त्या दिवशी तुमी दोघंच होते वळखीचे. तुमची ती गोष्ट पिंपळगावले पोचली, ताई. माह्या आईले कोनीतरी सांगतलं. तिनं बोलनं टाकलं माह्यासोबत. दोन वर्सं. मंग ती गेली. शेवटी दवाखान्यात मी पाय चेपत होती, तरी तोंड भिंतीकडं.”

ताईंना हुंदका फुटला. “सगळं माहीत असून मला घरी काऊन बोलावलंस?” नकळत त्यांच्या तोंडी तिचीच बोली आली.

“थेटरात तुमाले पाहलं. तोंड बांधून, कोपऱ्यात. आपल्याले कोनी पाहीन म्हनून भ्यालेली बाई कशी बसते, ते मले चांगलं समजते. राग तर हाये, ताई. पन एकटं पाडाची शिक्षा मानसानं कोनाले देऊ नाई. तुमालेबी नाई.” ताटल्या उचलत ती म्हणाली, “आन् मले सांगून काय फायदा? मले तर खरं माहीतच होतं.”

हे शेवटचं वाक्य ताईंच्या जिव्हारी लागलं. रविवारभर ते त्यांच्या कानात घुमत राहिलं.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत ऑफिसातल्या सत्यभामाबाई डोळे मिचकावत म्हणाल्या, “ऐकलं का वो? शनिवारी छाया थेटरात होती म्हने. संग कोन होतं, देव जाने!”

आठ-दहा माना पुढे झुकल्या. छाया दारापाशीच्या टेबलावर बसली होती, तिला सगळं ऐकू येत होतं. ताई उठून उभ्या राहिल्या.

“संग मी होते,” त्या म्हणाल्या. “आणि आणखी ऐका. पाच वर्षांपूर्वी हॉटेलात छायासोबत कोणीही नव्हतं. तो माणूस मी घातला होता. मी खोटं बोलले होते!”

सत्यभामाबाईंनी तोंड फिरवलं. कोणीतरी पुटपुटलं, “आता कशाले उकरता?” भिमाबाई शिपाईण तेवढी पुढे आली आणि छायाच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली. छायाचे डोळे भरून आले होते, पण ताईंकडे तिनं पाहिलं नाही. आई काही परत येणार नव्हती.

त्या दिवसानंतर ताईंशी बोलणाऱ्या बायका दोन-चारनं कमीच झाल्या. ताईंनी ते सोसलं. पुढच्या महिन्याच्या शेवटच्या शनिवारी त्यांनी कॉलनीतल्या प्रत्येक घराची कडी वाजवली, आधी एकट्या राहणाऱ्यांची. तीन बायका यायला तयार झाल्या. चौघी तोंड न बांधता, भर रस्त्यानं सिनेमाला निघाल्या.

वाचकहो, वाईन प्यावी की पिऊ नये, हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण एकटी बाई दिसली की तिच्या शेजारी मनानंच कोणाला तरी आणून बसवायचं, ही सवय आपल्यापैकी किती जणांना आहे? आपण घातलेला तो खोटा माणूस तिची खरी माणसं घेऊन जातो. तिच्याबद्दल बोलण्याआधी एकदा तिच्याशी बोलावं. तिच्या शेजारची खुर्ची रिकामी असेल, तर तिथे आपण जाऊन बसावं.