दुसऱ्या डबीतली गांधीलमाशी

मुलांनो, एक गोठा डोळ्यांसमोर आणा बरं. मांडवगण फराटा गावच्या शिवारातला. पत्र्याखाली गांधीलमाश्यांचं पोळं लोंबतंय आणि बरोबर त्याच्याखाली एक कालवड बांधलेली आहे.

"कालवडीला डसल्या म्हंजी?" गेणबा म्हणाले. "सांजच्याला पोळ्याला टेंभाच लावतो."

त्यांची नात मोनिका आडवी आली. "आबा, सविताआत्या त्यांच्या इषातनं औषध शोधतीय. आज कळणार हाय. तवर थांबा की!"

"कामाच्या निघाल्या तर राहू दे. पर खरं सांगायचं."

सविताआत्या शिरूरच्या कॉलेजात जंतूंचा अभ्यास करायची. सकाळची शाळा सुटल्यावर मोनिका एसटीनं तिच्याकडे गेली. आत्यानं काचेची चपटी डबी उजेडात धरली. आतल्या खळीसारख्या घट्ट जेलीवर धुरकट थर होता. म्हशीची कास सुजून दगडासारखी होते ना, त्या दगडी रोगाचे ते जंतू. थरावर कागदाच्या दोन टिकल्या होत्या. एकीवर दह्यातल्या जंतूंनी बनवलेला पदार्थ, दुसरीवर गांधीलमाशीच्या विषातला. दोन्ही म्हणजे प्रथिनाच्या मण्यांच्या छोट्या माळा, रोगजंतूचं कवच फोडणाऱ्या. जंतू मेले तिथं टिकलीभोवती स्वच्छ गोल दिसत होता. दह्याचा गोल रुपयाएवढा, गांधीलमाशीचा त्याहून मोठा.

"जिंकली!" मोनिकानं उडीच मारली.

"थांब गं घाईबाई. ही दुसरी डबी बघ."

ही डबी लाल होती, रक्त मिसळलेली. दह्याच्या टिकलीभोवती लाल रंग तसाच होता. गांधीलमाशीच्या टिकलीभोवती मात्र तो उडाला होता.

"म्हंजी रक्ताच्या पेशीबी फोडती ही?"

"हो ना. जंतू कुठला, आपली पेशी कुठली, तिला कळत नाही. आता माळेतला एखादा मणी बदलून बघायचा, मग आणखी एखादा. वेळ लागेल, पण जमेल असं वाटतंय."

परतीच्या एसटीत मोनिका विचार करत होती. पहिल्या डबीचं तेवढं सांगितलं तर पोळं वाचणार होतं. दुसरी डबी आबांनी थोडीच पाहिली होती? पण खरं सांगायचं, असं आबांनी बजावलं होतं.

घरी आबा काठीला चिंध्या गुंडाळत बसले होते. मोनिकानं दोन्ही डब्यांचं सांगितलं.

"मग निकामीच की!"

"आबा, आपल्या सर्जा बैलाला पहिल्यांदा औताला जुपला, तवा काय केलं त्यानं?"

आबांना हसू आलं. "कांद्याचे वाफे तुडवले सारे. औत घिऊन वढ्यापातुर पळाला."

"मग इकला का त्याला?"

"इकतोय कशाला? तरणं जनावर, अंगात ताकद. हळूहळू शिकिवला..." आबा बोलता बोलता थांबले. "व्हय गं वकिलीणबाई!"

त्यांनी काठी भिंतीला टेकवून ठेवली. "शिकू दे तिलाबी. पर माझ्या कालवडीचं काय?"

 मोनिकानं हलकेच कालवडीचं दावं सोडलं, खुंटा उपटला आणि गोठ्याच्या पार दुसऱ्या टोकाला नेऊन ठोकला.